भिकनचा पाणझेंडू

भिकनला अख्खं पडेगाव घुम्या म्हणतं, आणि त्यात पडेगावची काही चूक नाही. दुकानात गेला तर तो बोटानं वस्तू दाखवतो. रिक्षात बसला आणि उतरायचं ठिकाण आलं तरी तोंडातून शब्द काढत नाही. दुसरा कुणी उतरेल तिथं उतरतो आणि तेवढं अंतर मागं चालत येतो. पण हाच माणूस पस्तीस वर्षं सव्वाशे मेंढरांशी दिवसभर बोलत होता. कोण रुसलीय, कुणाच्या खुरात काटा गेलाय, कुणाला आज चालायचा कंटाळा आलाय, हे सगळं तो त्यांच्याशीच बोलून मोकळा व्हायचा. माणसांसाठी काही शिल्लकच राहायचं नाही.

तो मूळचा फुलंब्रीकडचा. घरात आज्या-पणज्यापासून मेंढरं. दिवाळी झाली की बाहेर पडायचं आणि पाऊस तोंडावर आला की परतायचं, मधले महिने वाघर नेईल तिथं घर. वाघर म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी. पुढं रानांना तारा आल्या, गायरानावर प्लॉट पडले, भिकनचा उजवा गुडघा धरला, आणि मेंढरांमागं जायला घरात दुसरं कुणी नव्हतं. सात वर्षांपूर्वी एका सकाळी कळप टेम्पोत चढला. भिकननं रिकामी वाघर झटकली, तिची घडी घातली आणि तो दोन दिवस जेवला नाही. ती वाघर आता तात्यासाहेबांच्या बागेत दोडक्याच्या वेलाला आधार म्हणून बांधलेली आहे.

तात्यासाहेब म्हणजे दौलताबाद रस्त्याला ज्यांची वडिलोपार्जित जमीन आहे ते. पाटबंधारे खात्यात नोकरी करून निवृत्त झाले. हयातभर दुसऱ्यांच्या पाण्याचे आराखडे काढले, म्हणून शेवटी हौसेनं स्वतःचं तळं बांधलं. तळ्यात कमळं, काठाला कर्दळ आणि अळू, पाझराच्या बाजूला ब्राह्मीचा गालिचा. "मराठवाड्यात जन्म गेला, भिकन. आता रोज पायाला चिखल लागला पाहिजे, एवढंच मागणं आहे," असं ते म्हणायचे. स्वतः मात्र शहरात राहायचे आणि शनिवारी-रविवारी बूट घालून यायचे.

भिकन कामाला आला त्या दिवशी त्यांनी विचारलं होतं, "झाडांतलं काय कळतं तुला?"

"काय बी नाय."

"मग कशातलं कळतं?"

"जितराबातलं."

"झाड म्हणजे काय जितराब आहे का?"

भिकननं तळ्याकडं बघितलं. मग म्हणाला, "पाणी पितं. आजारी पडतं. बोलून दाखवत नाय." तात्यासाहेबांनी त्याच दिवशी त्याला मळ्याच्या कडेची खोली दिली. भिकन आणि त्याची बायको म्हाळसाबाई तिथं राहायला आले, ते आजपर्यंत तिथंच आहेत.

या दोघांना एकच मुलगी, अक्षदा. वाड्यावर, म्हणजे मेंढरांच्या तळावर, घोड्याच्या पाठीवर कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी बसून तिचं लहानपण गेलं. सहा वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. एका मेंढीचं कोकरू जन्मतःच मेलं आणि त्याच दिवशी दुसऱ्या एका कोकराची आई गेली. आता मेंढी परक्या पिल्लाला जवळ येऊ देत नाही, डोक्यानं उडवून लावते. अशा वेळी मेंढपाळ जे करतो ते भिकननं केलं. मेलेल्या कोकराचं कातडं सोडवलं आणि अंगरख्यासारखं पोरक्या कोकराला चढवलं. मेंढीनं वास घेतला, पाय आपटला, तोंड फिरवलं आणि शेवटी ती उभी राहिली. कोकरू प्यायला लागलं.

पोरगी सगळं बघत होती. ती रडायला लागली. "आबा, तुम्ही तिला फसवलं."

"फसवलं नाय बाई. तिची कास भरलीया आन्‌ याचं पोट रिकामं हाय. दोघांची सोय लावली."

"पण तिला कळत नाय का?"

कातडं नीट बसवायच्या निमित्तानं भिकन खाली वाकला.

ही पोरगी शिकली. कुणी शिकवली म्हणण्यापेक्षा ती स्वतःच शिकत गेली, वसतिगृहं शोधत गेली, नर्स झाली. आणि पाच वर्षांपूर्वी विमानात बसून इंग्लंडला गेली. तिथं थंड मुलखात म्हाताऱ्या माणसांचा एक निवास आहे, तिथं ती काम करते. चिकलठाण्याच्या विमानतळावर म्हाळसाबाई पोरीच्या गळ्यात पडली. भिकन मात्र काचेच्या दारावर हात ठेवून उभा राहिला. पोरगी आत गेली तरी त्याला वाटत होतं, आता शब्द येईल. शब्द आला तेव्हा ते गाडीत बसून सिडको ओलांडत होते.

तेव्हापासून दर रविवारी दुपारी एक वाजता फोन. मायलेकींचं अर्धा तास चालायचं. मग म्हाळसाबाई फोन नवऱ्याच्या हातात कोंबायची.

"आबा, जेवला का?"

"जेवलो."

"गुडघा?"

"हाय."

"पाऊस?"

"नाय."

मग पोरीचं श्वास घेणं तेवढं ऐकू यायचं. आठवडाभर भिकननं मनात कायकाय साठवलेलं असायचं. पण रविवार आला की जीभ टाळूला चिकटायची. शेवटी तीच म्हणायची, "बरं आबा, ठेवते." असे दोनशे रविवार गेले. बापाला पोरीशी बोलता येत नाही यापेक्षा मोठं दुबळेपण कुठलं असेल, मला तरी माहीत नाही.

गेल्याच्या मागच्या दिवाळीत अक्षदाच्या बरोबरीची एक नर्स, सुलेखा, सुट्टीवर आली. तिचं माहेर शहरातल्या छावणी भागात. अक्षदानं तिच्याजवळ सामान दिलं होतं, ते आणायला भिकन छावणीत गेला. आईसाठी स्वेटर, बापाच्या गुडघ्यासाठी मलम, आणि एक कागदी पाकीट. पाकिटात मोहरीपेक्षा थोड्या मोठ्या, काळसर चाळीस बिया.

रविवारी पोरगी म्हणाली, "आबा, ह्या बिया तुमच्यासाठी हायत. इथं आमच्या मागं दलदल हाय ना, तिच्यात हे फूल येतं. पिवळंजर्द, झेंडूच्या रंगाचं. बर्फ सरला की पहिलं हेच. आमचे म्हातारे खाटेवरून उठून खिडकीशी येतात हे बघायला. तात्यासाहेबांकडं चिखल हाय, तळं हाय. येईल का वं तिथं?"

भिकन म्हणाला, "बघतो." आणि मग त्याच्या तोंडून एक सबंध प्रश्न निघाला. "त्याला काय लागतं?"

म्हाळसाबाई भाकरी थापायची थांबली.

त्याला थंडी लागत होती. बी रुजण्याआधी सहा आठवडे हिवाळा सोसावा लागतो, असं पोरगी म्हणाली. पडेगावात हिवाळा असतो, पण एवढा मन लावून नसतो. भिकननं श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात ओली वाळू भरली, त्यात बिया पेरल्या आणि डबा तात्यासाहेबांच्या फ्रिजमध्ये ठेवला. विचारायचं राहून गेलं. शनिवारी तात्यासाहेब आले, जेवायला बसले आणि गोड खायची हुक्की आली म्हणून त्यांनी डब्यात चमचा घातला. तळ्याच्या पलीकडं असलेल्या भिकनला त्यांची हाक ऐकू आली. इतकी मोठी हाक त्या मळ्यात पूर्वी कधी कुणी मारली नव्हती.

"भिकन! हे काय आहे?"

"बी हाय, तात्यासाहेब. पोरीनं पाठवलं."

"अरे, मग सांगायचं ना! अर्धा चमचा खाल्ला मी!"

"किती बिया गेल्या?" भिकननं काळजीनं विचारलं. तात्यासाहेब बघतच राहिले, मग पोट धरून हसले. त्यांनी डब्यावर स्वतःच्या हातानं चिठ्ठी चिकटवली: खाऊ नये, भिकनचं इंग्लंड आहे.

चाळिसातल्या तीन बिया उगवल्या. एक बुलबुलानं उपटली, एक आपली आपण कुजली. एक राहिली. भिकननं ती जुन्या सिमेंटच्या टाक्यात लावली. टाकं कमरेएवढं रुंद, गुडघ्याच्याही खाली उंचीचं, तळाशी चिखल आणि वर दोन बोटं पाणी. माघात तिला पानं आली, गोल, चकचकीत, देठाशी खाच असलेली. एक, मग तीन, मग सहा. भिकननं तिचं नाव पाणझेंडू ठेवलं.

आणि रविवार बदलले. एक वाजायच्या आधीच भिकन फोन घेऊन बसायला लागला. "सातवं पान आलं. हिरवं हाय पर कडेला जरा तांबूस हाय, चालतं का?" पोरगी म्हणायची, विचारून सांगते. तिच्या निवासात एक नव्वदीचा म्हातारा होता, तोही जन्मभर मेंढ्या राखलेला. हे फूल त्याच्या माहितीतलं. तो म्हणाला, कडा तांबूस चालतात. तो म्हणाला, मेंढ्या याला तोंड लावत नाहीत, पानात विखार असतो. हे ऐकून भिकनला फार बरं वाटलं.

"त्येंना कळतंच," तो म्हणाला. "त्याला इचार, तुमच्याकडं मेंढरू फुगलं तर काय करता."

पुढच्या रविवारी उत्तर आलं, त्यावर भिकननं आपलं औषध सांगितलं, त्यावर तिकडून आणखी प्रश्न आला. समुद्रापलीकडचे दोन मेंढके एका पोरीच्या तोंडून बोलायला लागले. चाळीस-चाळीस मिनिटं फोन चालायचा. झाडाच्या गोष्टी संपल्या की पोरगी मधेच स्वतःचं काहीतरी बोलून जायची. एकटं जेवायला नको वाटतं म्हणायची. थंडीत दार उघडताना किल्लीला हात चिकटतो म्हणायची. भिकन ऐकून घ्यायचा. जी गोष्ट त्याला चार वर्षं साधली नव्हती ती त्या सहा-सात पानांनी साधून दिली होती. म्हणून ते झाड त्याला जगवायचं होतं. फुलाचं त्याला फारसं नव्हतं. झाड आहे तोवर रविवार आहे, हे त्याला पक्कं कळलं होतं.

"यंदा फुलणार नाय," पोरगी म्हणाली होती. "पुढच्या फेब्रुवारीत फुलेल. तवा मी रजा काढून येते, आबा. तुमच्या तळ्यावरचं फूल बघायला."

होळी झाली आणि ऊन आपल्या मूळ स्वभावावर आलं. भिकननं टाक्याला चाकं बसवून घेतली, जुन्या भंगार गाडीची. मेंढरं जशी सावली बघून फिरवायची तसं तो पाणझेंडूला फिरवू लागला. सकाळी आंब्याखाली, दुपारी खोलीच्या उत्तरेच्या भिंतीला, चारला कर्दळीच्या आडोशाला. वर ओलं गोणपाट, भोवती ओल्या विटा. माठातलं गार पाणी आधी टाक्याला आणि मग घरच्यांना. तात्यासाहेब म्हणाले, "भिकन, एसी लावू का रे त्याला?" भिकननं गंभीरपणे विचारलं, "लावता का?"

एप्रिलच्या मध्याला एका मंगळवारी पहिलं पान पिवळं पडलं. बुधवारी चार. गुरुवारी सकाळी सगळी पानं चिखलावर आडवी पडली होती आणि देठ बोटाला लागताच सुटून येत होते.

तेव्हा त्यानं पोरीला फोन करायला हवा होता. आता बसल्या जागी हे म्हणणं सोपं आहे. म्हाळसाबाई म्हणालीही, "अवं, इचारा की तिला." पण त्या घरातून इंग्लंडला कधीच फोन जात नव्हता, यायचा तो तिकडूनच. तिची डुटी असते, म्हातारी माणसं तिच्या हातावर असतात, आपण मधेच घंटी वाजवायची नाही, असा भिकनचा नेम होता. चार वर्षांत तो मोडला नव्हता. त्या दिवशीही मोडला नाही.

आणि त्याच्या हाडात दुसरा एक नेम भिनलेला होता. मेलेलं जनावर वाड्यात ठेवायचं नाही. एक मेलं की बाकीच्यांच्या जिवावर येतं, म्हणून रडत बसायचं नाही, लगेच लांब खड्डा घ्यायचा आणि वर मीठ आणि चुना टाकायचा. टाकं तळ्याला लागून, तळ्यात तात्यासाहेबांची कमळं. भिकननं पाणझेंडू मुळासकट काढला. मूळ पांढरं आणि टणक लागलं हाताला, आणि त्याला जरा नवल वाटलं. पण वरचं सगळं मेलेलं होतं. मेंढीही मेल्यावर घटकाभर ऊबदार असतेच. तळ्यापासून लांब, कुंपणाच्या कडेला त्यानं हातभर खड्डा घेतला. झाडांच्या बुंध्यांना लावायला आणलेला चुना होता, तो ओंजळ-ओंजळ टाकला, वर मीठ टाकलं, माती लोटली आणि पायानं दाबली. मग तो रिकाम्या टाक्याशेजारी जाऊन बसला. दुपारी म्हाळसाबाईनं ताट आणलं, ते तसंच परत गेलं.

रविवारी एक वाजता फोन वाजला. सांगायचं असं त्यानं ठरवलं होतं. तीन दिवस त्यानं वाक्य तयार केलं होतं: अक्षे, ते गेलं.

त्यानं तोंड उघडायच्या आधी पोरगी म्हणाली, "आबा, आधी माझं ऐका. म्हाताऱ्याला मी तुमच्याकडच्या उन्हाचं सांगितलं. तो म्हणतो, आता पानं पिवळी पडतील आन्‌ सगळी गळतील. घाबरायचं नाय. वरून मेल्यागत दिसतं, पर मूळ झोपतं. चिखल तेवढा ओला ठेवायचा. थंडी पडली की पुन्हा उगवतं. पडली का पानं पिवळी?"

भिकननं कुंपणाकडं पाहिलं.

"आबा? पडली का?"

"पडली," तो म्हणाला.

"बगा! मग झोपलंय ते. उपटू नका हां."

"नाय," भिकन म्हणाला.

फोन ठेवल्यावर तो गुडघा दुखतोय हे विसरून कुंपणापर्यंत पळाला. हातानंच माती उकरली. चुना ओल्या मातीत तापून गेला होता. मूळ सापडलं तेव्हा ते तपकिरी आणि मऊ झालं होतं आणि चिमटीत धरल्यावर त्याचा लगदा झाला. बोटांना चुन्याची आग होत होती. म्हाळसाबाई मागं येऊन उभी राहिली. तिनं त्याला हाताला धरून तळ्यावर नेलं, हात धुतले आणि खोबरेल चोळलं.

"सांगून टाका पुढच्या रविवारी," ती म्हणाली.

त्यानं खरंच ठरवलं होतं. पण पुढच्या रविवारी पोरीनं विचारलं, "झोपलंय का?" आणि तो म्हणाला, "झोपलंय." त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. एकदा बोललेलं खोटं रोज पाणी मागतं, आणि भिकन ते घालत राहिला. खरोखरच घालत राहिला. रिकाम्या चिखलात रोज सकाळी तांब्याभर पाणी, दुपारी गोणपाट, चारला कर्दळीची सावली. बघणाऱ्याला वाटलं असतं, म्हातारा भ्रमिष्ट झाला. पण पोरगी रविवारी विचारायची, पाणी घातलं का, सावलीत ठेवलं का, आणि त्याला निदान तेवढी उत्तरं तरी खरी द्यायची होती.

पाऊस आला, गेला. दसरा झाला, दिवाळी झाली. पडेगावात पहाटेचा गारवा आला आणि भिकन रविवार मोजायला लागला. थंडी पडली की पुन्हा उगवतं, असं ती म्हणाली होती. आता रविवारचा प्रश्न बदलला.

"आबा, आलं का वर?"

"नाय अजून."

"आलं का?"

"बघू. येईल."

"फेब्रुवारीच्या रजेचा अर्ज मी दिलाय हां, आबा."

नर्सरीत जाऊन त्यानं बोटानं पिवळं फूल असलेलं प्रत्येक झाड दाखवलं. यातलं चिखलात येणारं एकही नाही, म्हणाले. बियांचं दुसरं पाकीट मागावं तर पहिल्याचं काय झालं ते सांगावं लागलं असतं. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी तो पाझराच्या कडेला उकिडवा बसला होता. समोर ब्राह्मी पसरली होती. गोल पान, चकचकीत, देठाशी खाच. तो बराच वेळ बघत राहिला. मग त्यानं मुळासकट चांगला गड्डा काढला आणि टाक्याच्या मधोमध लावला. चिखल नीट दाबला, बारकी पानं खुडून मोठी तेवढी ठेवली. कातडं चढवताना जसा हात सावकाश चालायचा, तसाच त्याचा हात आत्ताही चालत होता.

म्हाळसाबाईनं दारातून पाहिलं आणि ती आत निघून गेली.

रविवारी पोरीनं विचारलं आणि भिकन म्हणाला, "आलं."

"खरंच? दाखवा ना! कॅमेरा लावा आबा, आईला सांगा, ती लावून देईल."

म्हाळसाबाईनं कॅमेरा लावून दिला. पडद्यावर लोकरीची टोपी घातलेली अक्षदा होती, नाक थंडीनं लाल. भिकननं फोन टाक्यावर धरला.

"हे बघ. सा पानं हायत."

पलीकडून आवाज आला नाही. त्याला वाटलं, रेंज गेली. "अक्षे?"

"हाय, आबा. बघतेय."

तिचे डोळे पडद्याच्या अगदी जवळ आले होते. आणि तेव्हा, त्याच क्षणी, भिकनला आठवलं. दर शनिवारी म्हाळसाबाई ब्राह्मी वाटून खोबरेलात उकळायची आणि पोरीच्या डोक्याला थापायची. पोरगी वसतिगृहात जाईपर्यंत. पाला खुडायला ओढ्याकाठी पोरीलाच पाठवायची. डोळे झाकून हातात दिलं असतं तरी तिनं हे पान ओळखलं असतं. त्यानं सावलीचा विचार केला होता, पानांच्या आकाराचा केला होता, कॅमेऱ्यात किती दिसतं याचाही केला होता. हे एवढंच कसं सुटलं ते त्याला कळेना. आता सांगावं, मीच उपटलं, मीच चुना टाकला, असं ओठापर्यंत आलं, आणि विमानतळावर आला नव्हता तसाच आजही शब्द आला नाही.

पोरगीच बोलली. "पाणी किती ठेवलंय, आबा?"

तिचा आवाज जरा घोगरा होता.

"दोन बोटं."

"तेवढंच राहू द्या. ऊन?"

"सकाळचं तेवढं."

"चांगलं आलंय. पानं जरा बारीक हायत, पर चांगलं आलंय."

भिकनला फोन खाली ठेवावासा वाटत होता, आणि ठेवला तर पोरगी दिसेनाशी झाली असती. काहीतरी बोलायचं म्हणून तो म्हणाला, "म्हातारा काय म्हणतो तुमचा?"

"म्हणतो, एवढ्या लवकर नाय फुलत ते. यंदा नाय फुलायचं, आबा. मग मी तरी यंदा येऊन काय करू? पुढल्या वर्षी येते."

"व्हय," भिकन म्हणाला. "पुढल्या वर्षी ये."

मग ती त्या बारीक पानांबद्दल बोलत राहिली, आणि तो उत्तरं देत राहिला. किती लांब देठ, मुळाशी गोगलगाय येते का, रात्री झाकता का. पस्तीस मिनिटं. शेवटी ती म्हणाली, "पुढच्या रविवारी पुन्हा दाखवा," आणि पडदा काळा झाला.

सहा वर्षांच्या पोरीनं विचारलं होतं, तिला कळत नाय का. भिकनला उत्तर तेव्हाही माहीत होतं. मेंढीला कळतं. वास घेताक्षणी कळतं, म्हणून तर ती पाय आपटते आणि तोंड फिरवते. पण कास भरून ठणकत असते आणि समोर कुणीतरी ओरडत असतं, म्हणून ती उभी राहते. एवढंच आहे ते. पोरीला कळलं होतं, आणि ती उभी राहिली होती. भिकनला हे कळलं आणि त्याला रडू आलं. टाक्याची कड धरून तो रडला.

म्हाळसाबाई शेजारी येऊन पायरीवर टेकली. थोड्या वेळानं म्हणाली, "रजा नाय मिळाली तिला. गुरवारीच फोन आलता मला. लई रडली. म्हणली, आबाला सांगू नको, ते झाडाची वाट बघत बसलेत."

भिकननं मान हलवली. तोंड पुसलं. समोर दौलताबादकडून येणाऱ्या गाड्यांची रांग रस्त्यावर थांबली होती आणि कुणीतरी उगाच हॉर्न वाजवत होतं.

"तिला कळलं का वं, हे ते न्हवं म्हणून?" म्हाळसाबाईनं विचारलं.

"कळलं."

तो उठला. गोणपाट ओलं करून टाक्यावरच्या काठीला अडकवलं. मग चिखलावर बोटं आडवी धरून पाणी मोजलं. ते अर्ध्या बोटानं कमी होतं, म्हणून त्यानं तांब्या आणला आणि हळूहळू धार धरली. दोन बोटं झाल्यावर थांबला. पुढच्या रविवारी ती विचारणार होती, आणि तेवढं तरी त्याला खरं सांगता येणार होतं.